हॉथॉर्नचं कुंपण: इंग्लंडमधल्या घराभोवतीच्या काट्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या मिडलँड्स भागात, एका छोट्या गावाच्या कडेला आमचं घर आहे. मागच्या अंगाला हॉथॉर्नचं जुनं कुंपण घराबरोबरच पदरात पडलं. ही घरं होण्याआधी इथे शेतं होती, तेव्हाच्या बांधावरचं ते. पुढचं कुंपण आम्ही स्वतः लावलं, त्याला आता चौदा वर्षं झाली. इथे नव्याने घर घेतलेली आपली मंडळी चहाला आली की कप हातात घेऊन बागेत येतात आणि साधारण तेच प्रश्न विचारतात. दर वेळी तीच टकळी चालवण्यापेक्षा उत्तरं एकदाची लिहून काढली. कायद्याचं जे लिहिलंय ते इंग्लंडपुरतं आहे.

हॉथॉर्न म्हणजे आपल्याकडचं कुठलं झाड?

कुठलंच नाही. त्याला रूढ मराठी नाव नाही आणि ओढूनताणून देण्यातही अर्थ नाही. गुलाब, सफरचंद, नासपती यांच्या कुळातलं हे काटेरी झुडूप. शास्त्रीय नाव क्रॅटेगस मोनोगायना. छाटत राहिलं तर कुंपण, सोडून दिलं तर दहा-पंधरा मीटरचं झाड होतं. काम मात्र ओळखीचं. कोकणात करवंदीची, चिल्हारीची वई करतात, आमच्या निफाडकडे बाभळीच्या काट्या रचून जनावरं अडवतात, तेच काम हे करतं.

त्याच्या नावांतच सगळं आलं. 'हॉ' हा शब्द कुंपणाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला, म्हणजे हॉथॉर्न हा सरळसरळ कुंपणकाटा. दुसरं नाव क्विकथॉर्न. इथे 'क्विक' म्हणजे जलद नव्हे, जिवंत. आमच्या बाभळीच्या काट्या वाळून दर वर्षी नव्या घालाव्या लागतात, हा काटा उभ्या जागी जगतो. तिसरं नाव नुसतं 'मे', फुलतो त्या महिन्यावरून.

इंग्लंडभर हा दिसतो त्यामागे एक जुनं दुखणं आहे. साधारण १७५० ते १८५० या काळात संसदेने एकामागून एक कायदे करून गावोगावची सामाईक कुरणं आणि मोकळी शेतं खासगी मालकीची केली. वाटून घेतलेल्या तुकड्यांना कुंपण घालणं भाग होतं. रोपं स्वस्त, वाढ भराभर आणि गुरं आत शिरत नाहीत म्हणून हजारो मैल हॉथॉर्न लावला गेला. मिडलँड्समध्ये तर फारच. ज्यांची एखादी गाय त्या कुरणावर चरायची त्यांच्या हाती काही उरलं नाही. कुंपणच शेत खातं ही म्हण आपण विश्वासघातासाठी वापरतो, इथे ती अक्षरशः घडली.

आमच्या बागेत आहे ते हॉथॉर्नच कशावरून?

मेपर्यंत थांबलात तर शंका उरणार नाही. हॉथॉर्नला आधी पानं येतात, मग पांढऱ्या फुलांचे झुबके. ब्लॅकथॉर्न या इथल्याच दुसऱ्या काटेरी झुडपाचं उलटं, मार्च-एप्रिलमध्ये काळ्या उघड्या फांद्यांवर फुलं येतात, पानं नंतर. ब्लॅकथॉर्नची फळं निळी-काळी, हॉथॉर्नची लाल. हॉथॉर्नचं पान लहान आणि खोल खाचांचं, दुरून जाड कोथिंबिरीसारखं दिसतं. पानं बारा महिने हिरवी आणि फळं नारिंगी किंवा पिवळी असतील तर ते बहुधा पायराकॅन्था, तो वेगळा प्राणी.

हा फरक माहीत असावा, कारण ब्लॅकथॉर्न मुळांतून फुटवे काढत हिरवळीत घुसतो. हॉथॉर्न आपल्या जागी राहतो.

गुलाबी-लाल, दुहेरी पाकळ्यांचा जो प्रकार रस्त्याकडेला दिसतो, त्याची 'पॉल्स स्कार्लेट' ही जात मिडलँड हॉथॉर्न या भाऊबंदापासून आलेली. दिसायला झकास, पण मधमाश्यांना तिचा उपयोग नाही. मी लावणार नाही.

हिवाळ्यात पानं गळतात, मग आडोसा कसला?

नोव्हेंबर ते मार्च थोडं आरपार दिसतं. जुन्या, दाट कुंपणात फांद्यांची जाळीच इतकी असते की स्वयंपाकघरात कोण उभं आहे हे कळतं, काय शिजतंय ते कळत नाही. एवढं पुरत नसेल तर मधूनमधून हॉली लावा, त्याची पानं टिकतात.

रोपं कधी लावायची, किती लागतात?

नोव्हेंबर ते मार्च, झाड झोपेत असताना. या काळात नर्सऱ्या उघड्या मुळांची रोपं विकतात. जुडी बांधून येतात, कुंडी नाही, माती नाही. ४० ते ६० सेंटिमीटरची ती काटकं पाहून पहिल्यांदा आम्हाला वाटलं, चुलीत घालायला पाठवलीत की काय. पण तीच घ्या. कुंडीतल्यांपेक्षा खूप स्वस्त पडतात आणि रुजतातही चांगली.

मीटरला पाच रोपं धरा. दोन ओळी, त्यांत सुमारे ४० सेंटिमीटर अंतर, आणि एका ओळीतलं रोप दुसऱ्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येईल अशी नागमोडी मांडणी. जागा अरुंद असेल तर एकच ओळ, मीटरला तीन-चार.

जुडी आली की मुळं वाऱ्याला उघडी ठेवू नका. अर्धा तास जरी ओट्यावर पडली तरी नुकसान होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळा, किंवा लावायला उशीर असेल तर कोपऱ्यात चर काढून मुळं मातीत झाकून ठेवा. जमीन गोठलेली असताना किंवा पाणी तुंबलेलं असताना लावू नका. खोडावर जुन्या मातीची खूण दिसते, तितकंच खोल लावायचं. मग टाचेने दाबून माती बसवायची.

पुढे दोन कामं, आणि बहुतेकांची रोपं ही दोन न केल्यामुळेच जातात. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यायचं. 'इंग्लंडात पाऊस पडतोच की' या भरवशावर राहू नका, मे-जूनमध्ये तीन-तीन आठवडे थेंब पडत नाही. आणि बुंध्यापासून अर्धा मीटर गवत येऊ द्यायचं नाही. झाडाच्या सालींचा चुरा पाच-सात सेंटिमीटर पसरा, फक्त खोडाला भिडू देऊ नका. ससे येत असतील तर खोडाभोवती प्लास्टिकची गुंडाळी मिळते. ती तीन-चार वर्षांनी काढायची असते हे मात्र सगळे विसरतात.

लावल्या लावल्या कापायचं म्हणतात. खरं का? जीव होत नाही.

खरं आहे. जमिनीपासून १५ ते ३० सेंटिमीटर ठेवून वरचं कापून टाका. नाही कापलं तर रोप सरळ वर पळतं आणि खालचा भाग कायमचा उघडा राहतो. कुंपण खालून दाट हवं, तिथून तर मांजर आणि ससा शिरतो.

आम्ही रोपं लावली त्या संध्याकाळी मी हे व्हिडिओ कॉलवर दादांना, म्हणजे वडिलांना, दाखवलं. त्यांची द्राक्षबाग. मला वाटलं ते म्हणतील, वेड लागलंय का. त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "मग खरड छाटणी केली म्हण की." एप्रिलमध्ये द्राक्षवेल खरडून काढणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नव्हती.

पुढची दोन-तीन वर्षंही नवी वाढ थोडी थोडी खुडत राहा. एरवी वर्षाला ४० ते ६० सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे पाच वर्षांत छातीइतकं कुंपण सहज होतं.

आमच्या कुंपणाला फुलंच येत नाहीत. काय चुकतंय?

दहातल्या नऊ घरी एकच चूक असते. तुम्ही दर वर्षी सगळं कापताय.

हॉथॉर्नला फुलं येतात ती आदल्या वर्षीच्या किंवा त्याहून जुन्या काडीवर. शरद ऋतूत कुंपण चारही बाजूंनी भादरलं की पुढच्या मेची फुलं बागकचऱ्याच्या हिरव्या बिनमध्ये गेली. फुलं नाहीत म्हणून फळं नाहीत, फळं नाहीत म्हणून पक्षी नाहीत. उरते ती हिरवी भिंत. तीच हवी असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण मग हॉथॉर्न कशाला लावलात?

द्राक्षवाल्यांना हे लगेच कळतं. काडी पक्की झाल्याशिवाय घड येत नाही. इथेही काडीला एक वर्ष द्यावं लागतं. आमच्याकडची पाळी अशी: एका हिवाळ्यात रस्त्याकडची बाजू, पुढच्या हिवाळ्यात घराकडची, तिसऱ्या वर्षी माथा. त्यामुळे दर मेमध्ये कुठे ना कुठे कुंपण पांढरं होतंच. थोडं विस्कटलेलं दिसतं, हे कबूल. पहिल्या वर्षी पलीकडच्या घरातल्या आजोबांनी अगदी सभ्यपणे विचारलं, तुमचा ट्रिमर बिघडलाय का. मेमध्ये फुलं आल्यावर त्यांनीच फोटो काढले.

रोपं तीन-चार वर्षांची असतील किंवा दिवसभर सावलीत असतील तर मात्र कात्रीचा दोष नाही. पहिल्यांना वेळ द्या. दुसऱ्यांना फुलं थोडीच येतील.

मग छाटणी नेमकी कधी?

जानेवारी-फेब्रुवारी. तोवर पक्ष्यांनी फळं संपवलेली असतात, आणि घरटी बांधायला अजून सुरुवात झालेली नसते.

१ मार्च ते ३१ ऑगस्ट हे सहा महिने कात्री बाजूला ठेवा. २०२४ पासून शेतजमिनीवरच्या कुंपणांना या काळात छाटणीची नियमाने बंदी आहे. घरच्या बागेला तो नियम लागू नाही, पण १९८१ चा वन्यजीव कायदा सगळ्यांना लागू आहे: वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं हा गुन्हा आहे. आणि गंमत अशी की दाट हॉथॉर्नमध्ये घरटं आहे की नाही हे बाहेरून कळतच नाही. आम्ही एका जूनमध्ये पाहुणे येणार म्हणून घाईने माणूस लावून कुंपण कापून घेतलं. तासाभरात ब्लॅकबर्डचं घरटं पिल्लांसकट खाली. चूक त्याची नव्हती, बोलावणं आमचं होतं.

आकार द्यायचा तो खाली रुंद, वर निमुळता. उलटं केलं तर माथ्याची सावली पडून खालच्या फांद्या मरतात.

शेजारी तक्रार करतात. कायदा काय म्हणतो?

आधी कुंपण कोणाचं ते बघा. घराच्या कागदपत्रांतल्या नकाशावर हद्दीच्या रेषेला इंग्रजी 'टी'सारखी खूण असते, ती ज्याच्या बाजूला तो सहसा जबाबदार. खूण नसेल तर बोलून ठरवा. वकिलाच्या फीमध्ये शंभर मीटर कुंपण होईल.

उंच कुंपणांबद्दलची तक्रार काऊन्सिलकडे, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेकडे, करता येते ती २००३ च्या कायद्याने, पण तो कायदा दोन मीटरपेक्षा उंच आणि सदाहरित किंवा जवळपास सदाहरित झाडांपुरता आहे. पानं गाळणारा हॉथॉर्न त्यात येत नाही. ही माहिती शेजाऱ्याच्या तोंडावर फेकू नका. आम्ही मागचं कुंपण डोक्याएवढंच ठेवतो, कारण त्यांच्या टोमॅटोंना ऊन लागतं आणि ऑगस्टमध्ये ते टोमॅटो आमच्याकडेच येतात.

हद्दीवरून आलेल्या फांद्या शेजारी हद्दीपर्यंत कापू शकतात. कापलेल्या फांद्या कायद्याने मूळ मालकाच्या, पण त्या न विचारता पलीकडे फेकायच्या नसतात. फुटपाथवर फांद्या आल्या तर काऊन्सिल नोटीस पाठवू शकते. बाबागाडी घेऊन जाणाऱ्या आईच्या डोळ्याच्या उंचीला काटा आहे का, हे महिन्याने एकदा बघितलं तर तेवढी वेळ येत नाही.

घरात लहान मुलं आहेत, कुत्रा आहे. काटे धोक्याचे नाहीत का?

झाडावरचे काटे फारसे नाहीत. एकदा हात लागला की पोर पुन्हा जात नाही. धोका जमिनीवर पडलेल्या काट्यांचा. हॉथॉर्नचा काटा लवकर कुजत नाही. गवतात पडलेली डहाळी महिन्यांनी चपलेच्या तळातून आरपार येते, सायकलचं चाक बसवते, कुत्र्याच्या पंजात रुतते. छाटणीआधी जुनी चादर खाली अंथरा आणि काम संपल्यावर तिथे अनवाणी मुलं सोडण्याआधी स्वतः दोनदा फिरा. जाड चामड्याचे कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा, दोन्ही पाहिजेच.

काटा मोडून आत राहिला तर 'निघेल आपोआप' म्हणून बसू नका. विशेषतः बोटाच्या सांध्यापाशी. कधी कधी आठवड्यांनी सांधा सुजतो आणि तोवर आपण काटा विसरलेलो असतो. सूज, लाली, ठणका दिसला की डॉक्टरांना दाखवा आणि काटा लागल्याचं आठवणीने सांगा. धनुर्वाताची लस चालू आहे ना तेही बघा.

छाटलेलं काऊन्सिलच्या बागकचऱ्याच्या बिनमध्ये जातं, पण त्या बिनसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळे पैसे भरावे लागतात. आम्ही बागेच्या टोकाला दोन-दोन खुंट्या ठोकून त्यांच्या मध्ये फांद्या रचतो. हेच ते बाभळीच्या काट्यांचं कुंपण, फक्त लेस्टरशरच्या चिखलात.

फुलं देवाला वाहिली तर चालतात का?

देवाची हरकत नसावी. शेजाऱ्यांची आहे.

सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तो मे महिना. कुंपण पांढरंशुभ्र फुललेलं. जास्वंद नाही, मोगरा नाही, म्हणून त्यांनी सकाळी भरघोस डहाळी आणून देवापुढे ठेवली. दुपारी शेजारच्या बाई आल्या आणि दारातच थबकल्या. हॉथॉर्नची फुलं घरात आणली की घरातलं माणूस जातं अशी इथल्या जुन्या लोकांची समजूत आहे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो, यांचं हे." डहाळी मात्र उचलली, कारण तोवर खोलीत वासही सुटला होता.

त्या वासालाच कारण आहे. या फुलांत ट्रायमिथाइलअमाइन नावाचं रसायन असतं, आणि तेच कुजणाऱ्या मांसात तयार होतं. ज्या काळी मृतदेह घरात ठेवले जायचे तेव्हाच्या लोकांना तो वास ओळखू आला तर नवल नाही. बागेत, मोकळ्या हवेत, तोच वास गोडसर लागतो.

आयर्लंडमध्ये तर एकट्या उभ्या हॉथॉर्नखाली पऱ्या राहतात म्हणून त्याला हात लावत नाहीत. क्लेअर परगण्यात लाटून नावाच्या ठिकाणी १९९९ मध्ये नव्या महामार्गाच्या वाटेत असं एक झुडूप आलं, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि ते वाचवून रस्ता नेला गेला.

१ मेच्या सणाला ही फुलं आणायची चाल होती, मग हल्ली ती १ मेला फुललेली का नसतात? कारण १७५२ मध्ये ब्रिटनने पंचांग बदललं आणि ११ दिवस गाळले. जुना १ मे आत्ताच्या ११-१२ मेच्या आसपास यायचा. 'मे सरेपर्यंत गरम कपडे काढू नका' अशी इथली म्हण आहे, त्यातला मे हा महिना की हे फूल यावर अजून वाद घालतात. सासूबाईंनी जूनपर्यंत स्वेटर काढला नाही, दोन्ही पक्षांची सोय.

फळं खाता येतात का?

येतात, पण हौस म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकलेली लाल फळं, त्यांनाच हॉ म्हणतात, पिठूळ आणि जेमतेम गोड असतात. बी मोठी, गर नावाला. बी चावायची किंवा वाटायची नाही, सफरचंदाच्या बीसारखं त्यातही पोटात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. शिजवून, चाळणीतून गर काढून, बिया फेकून द्यायच्या.

मी एकदा आमटीत चिंचेऐवजी हॉचा कोळ घातला. आंबटपणा आलाच नाही. आमटी मात्र इतकी घट्ट झाली की वाटीत डाव उभा राहिला, कारण या फळात पेक्टिन भरपूर. तो धडा घेऊन पुढच्या वर्षी रानटी आंबट सफरचंदांबरोबर साखर घालून जेली केली, ती उत्तम झाली. पोळीबरोबर मुरांब्यासारखी लागते. इथले लोक व्हिनेगर घालून केचप करतात, तोही चांगला. चिनी दुकानात गोल चकत्यांच्या पुड्या मिळतात त्या हॉच्याच, पण चीनमधल्या मोठ्या फळांच्या जातीच्या.

एप्रिलमधली कोवळी पानंही खातात. इथल्या शाळकरी पोरांनी त्यांना 'ब्रेड अँड चीज' असं नाव ठेवलं होतं. पाव-चीजची चव शोधू नका. काकडीच्या कोशिंबिरीत चिरून घाला.

खालची, कुत्र्याच्या उंचीची फळं सोडा, गर्दीच्या रस्त्याकडची सोडा, आणि वरची पक्ष्यांना ठेवा.

हॉथॉर्न हृदयाला चांगला म्हणतात. बाबांना काढा देऊ का?

नको. युरोपात त्याच्या पानाफुलांचा अर्क औषध म्हणून जुन्या काळापासून वापरतात आणि दुकानांत गोळ्याही मिळतात. पण हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या परिणामात तो ढवळाढवळ करू शकतो, आणि आपल्या बहुतेक ज्येष्ठांच्या डब्यात त्याच गोळ्या असतात. डॉक्टरांना विचारा. कुंपणाचा काढा करू नका.

फांद्यांवर कोळिष्टकासारखी जाळी आलीय आणि पानं गायब. झाड मेलं का?

बहुधा नाही. एर्मिन मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांची ती जाळी. भुताटकीसारखं दिसतं, पण उन्हाळ्यात पुन्हा पालवी फुटते. फवारणी करू नका, त्या अळ्यांवर पक्ष्यांची पिल्लं वाढतात. आग्नेय किनाऱ्याकडे राहत असाल तर मात्र ब्राऊनटेल मॉथच्या केसाळ अळ्यांपासून लांब राहा, त्यांच्या केसांनी अंगावर पुरळ येते आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो.

कोरड्या उन्हाळ्यात पानांवर पांढरी भुरी येते, तिकडे मी लक्ष देत नाही. द्राक्षावर भुरी आली की दादांची झोप उडायची, इथे ती आली तरी माझं नुकसान शून्य.

भ्यायचं ते फायरब्लाइटला. फुलं आणि शेंडे अचानक आगीने होरपळल्यासारखे तपकिरी होतात, पण गळत नाहीत. जिवाणूचा रोग आहे, ब्रिटनमध्ये १९५७ मध्ये पहिल्यांदा दिसला, आणि सफरचंद-नासपतीलाही होतो. रोगट भागाच्या निदान ३० सेंटिमीटर खाली निरोगी लाकडात कापा, मोठी फांदी असेल तर दुप्पट, आणि दर कापाला कात्री जंतुनाशकाने पुसा. कापलेलं कंपोस्टमध्ये घालू नका.

जुनं कुंपण खालून उघडं पडलंय. काढून नवं लावावं का?

थांबा. हॉथॉर्नची खरी मजा इथे आहे.

सोपा उपाय म्हणजे हिवाळ्यात जमिनीपासून १५-३० सेंटिमीटरवर सगळं कापणं. बघवत नाही, पण बुंध्यांतून वसंतात जोरात फुटवे येतात. दुसरा उपाय हेजलेइंग, कुंपण आडवं निजवणं. हिवाळ्यात प्रत्येक खोडाला बुडाशी तिरपा घाव घालतात, इतका खोल की साल आणि आतल्या लाकडाची एक पातळ पट्टीच शिल्लक राहते. मग ते खोड अलगद एका बाजूला झुकवून शेजारच्यावर निजवतात. मध्ये मध्ये हेझल या झाडाच्या खुंट्या ठोकतात आणि वरून लवचिक काठ्यांचा पीळ विणतात. त्या चिमूटभर पट्टीतून रस वाहत राहतो, निजलेली फांदी जगते आणि बुडापासून नवे फुटवे उभे राहतात. वीसेक वर्षांनी पुन्हा तेच.

प्रत्येक भागाची रीत वेगळी. आमच्याकडची 'मिडलँड बुलक' म्हणजे बैल धडकला तरी तुटू नये अशी. या कलेसाठी नॅशनल हेजलेइंग सोसायटी आहे, आणि राजे चार्ल्स स्वतः हे काम हौसेने करतात. आमच्या मागच्या कुंपणासाठी एक म्हातारे गृहस्थ आले. हातात कोयत्याची चुलत बहीण शोभेल असं बिलहुक नावाचं हत्यार. दिवसाला दहा-बारा मीटर, मध्ये दोन चहा. पहिल्या खोडावर घाव पडला तेव्हा मी डोळे मिटले. एप्रिलमध्ये त्या आडव्या फांद्यांवर पालवी आली तेव्हा विश्वास बसला.

या काट्यांत राहतं तरी कोण?

३०० हून अधिक जातींचे कीटक या एका झाडावर जगू शकतात असं मानतात. थंडीत स्कँडिनेव्हियाकडून रेडविंग आणि फील्डफेअर हे पाहुणे येतात आणि फळांवर तुटून पडतात. पण आमच्या घरात कौतुक चिमण्यांचं. ब्रिटनमध्ये साधी घरचिमणी धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. आमच्या कुंपणात रोज संध्याकाळी तीस-चाळीस तरी जमतात आणि एसटी स्टँडवर असतो तेवढा कलकलाट करतात. काटे असल्यामुळे मांजर आत जाऊ शकत नाही.

पायथ्याशी कुठे जाळी लावली असेल तर १३ सेंटिमीटरचा चौकोन मोकळा ठेवा. काटेरी जाहकाला, इथल्या हेजहॉगला, तेवढी वाट पुरते.

बी नाशिकला नेऊन लावता येईल?

नेऊ नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय बियाणं भारतात आणायला कायद्याने मनाई आहे. शिवाय बी रुजायला आधी ऊब, मग लांब थंडी लागते, इथेही पेरल्यावर बहुतेक वेळा दुसऱ्या वसंतात कोंब दिसतो. हॉथॉर्नचे भाऊबंद हिमालयात आहेत, कारण तिथे थंडी आहे. गावी काटेरी कुंपण हवं तर करवंद लावा. काटा तसाच, आणि फळाच्या बाबतीत करवंद कुठल्याही हॉला हरवेल.

घर नुकतंच घेतलंय. सगळं उपटून फळ्यांचं कुंपण घातलं तर?

तुमचं घर, तुमची मर्जी, पण एक मे बघून ठरवा. काढायचंच तर घरट्यांचे महिने टाळा. बुंधे राहिले तर पुन्हा फुटतात, म्हणजे मुळांसकट खणावं लागतं. आणि जमीन चिकणमातीची असेल तर आधी जाणकाराला विचारा. हॉथॉर्न जमिनीतलं पाणी भरपूर ओढतो. घराच्या अगदी जवळ असेल तर कोरड्या वर्षी माती आक्रसते, आणि मोठं झाड एकदम काढलं तर तीच माती फुगून पाया उचलू शकते. नवं लावतानाही म्हणूनच भिंतीपासून लांब लावा.

आमच्या रस्त्याच्या टोकाच्या घरात काही वर्षांपूर्वी कुंपण काढून फळ्या ठोकल्या. देखण्या होत्या. गेल्या हिवाळ्यातल्या वादळात त्यातल्या सहा आडव्या झाल्या आणि एक थेट आमच्या हॉथॉर्नमध्ये येऊन अडकली. ती न्यायला आले तेव्हा कुंपणाकडे बघत जरा वेळ उभे राहिले, मग विचारलं, मीटरला किती रोपं लागतात? पाच, मी म्हटलं, आणि नोव्हेंबरपर्यंत थांबा.